कूलंट कमी होतंय, पण थेंब कुठेच दिसत नाही

प्रश्न : माझ्याकडे नऊ वर्षं जुनी, १ लाख १० हजार किलोमीटर चाललेली पेट्रोल गाडी आहे. गेल्या तीन महिन्यांत, म्हणजे साधारण तीन हजार किलोमीटरमध्ये, कूलंटच्या टाकीतली पातळी तीनदा बोटभर खाली गेली. दर वेळी अंदाजे २०० मिली साधं पाणी घालून वेळ मारून नेली. गाडीखालची फरशी कोरडी असते. तापमानाचा काटा कधीच मध्याच्या वर जात नाही. काही दिवस सकाळी गाडी सुरू केल्यावर गोडसर वास येतो, नंतर जातो. ऑइल भरायच्या झाकणाला आतून पांढरट साय दिसली, ती पाहून एक मेकॅनिक म्हणाले, हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलावं लागेल. दुसरे म्हणाले, गळती बुजवणारं लिक्विड टाका, विषय संपला. कुणाचं ऐकू?

उत्तर : तूर्त कुणाचंच नको. एकाने साय पाहून अंदाज बांधलाय, दुसऱ्याने तेवढीही तसदी घेतलेली नाही. हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, आणि हेड गॅस्केट म्हणजे त्याच्या खालच्या सांध्यातलं सील. कूलंट नेमकं कुठून जातंय हे कळेपर्यंत हेडला हात लावू देऊ नका आणि ते लिक्विडही टाकू नका. शोधायचा क्रम असा ठेवा: आधी मोजमाप, मग डोळ्यांनी पाहणी, मग दाबाची चाचणी आणि शेवटी जळक्या वायूची चाचणी. यातलं पहिलं दोन तुम्ही घरी करू शकता.

सुरुवात कोरड्या फरशीपासून करू, कारण बहुतेकांची दिशाभूल तिथेच होते. २०० मिली म्हणजे साधारण चार हजार थेंब. ताशी ३० किलोमीटरची सरासरी धरली तर हजार किलोमीटरला तेहेतीस तास, म्हणजे दोन हजार मिनिटं लागतात. मिनिटाला दोन थेंब, एवढीच ही गळती असू शकते. गरम धातूवर पडलेले दोन थेंब जमिनीपर्यंत पोचणार कसे? पाणी वाफ होऊन जातं, मागे रंगाचा आणि रसायनांचा पातळ थर उरतो. रेडिएटरच्या मागे थेंब आला तर पंख्याचा वारा त्याला वाळवून टाकतो. शिवाय बऱ्याच गाड्यांच्या इंजिनाखाली प्लॅस्टिकचा ट्रे असतो, त्यात पेलाभर कूलंट साचून वाळलं तरी बाहेर पत्ता लागत नाही. फरशी कोरडी, म्हणजे कूलंट सिलिंडरमध्येच जळतंय, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा आहे.

काट्यावरही फार विसंबू नका. अनेक गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा ठेवलेला असतो. आत तापमान दहा-पंधरा अंशांनी वरखाली झालं तरी तो जागचा हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. पातळी इतकी घसरली की सेन्सर हवेत उघडा पडला, तर इंजिन भाजून निघत असताना काटा शांत राहतो, कधी खालीही येतो. गाडीच्या डायग्नॉस्टिक सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर मिळत असेल तर प्रत्यक्ष अंश त्यावर बघा. चालत्या गाडीत हीटर लावल्यावर गरम हवा येता येता अचानक गार झाली, तर पातळी फार खाली गेल्याची ती खूण आहे. तिथेच गाडी बाजूला घेऊन बंद करायची.

आता मोजमाप. पातळी नेहमी इंजिन रात्रभर गार झाल्यावर, सपाट जागी उभ्या गाडीत बघायची. गरम इंजिनात कूलंट प्रसरण पावतं आणि टाकीतली पातळी बोट-दोन बोटं वर दिसते. एकदा गरम, एकदा गार असं पाहिलं तर नसलेली गळतीही दिसेल. टाकीवर कागदी चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारा. भर घालताना सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने किंवा मापाच्या भांड्याने मिली मोजा आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवा. गळती वाढतेय की तेवढीच आहे, लांबच्या प्रवासात जास्त जातं की रोजच्या छोट्या फेऱ्यांत, हे या नोंदीतूनच कळतं. फक्त चढावर किंवा भरधाव चालवल्यावर कमी होत असेल तर संशय सिलिंडरकडे वळतो. नुसती उभी राहूनही कमी होत असेल तर बाहेरचा सांधा शोधायचा.

तुमची टाकी कोणत्या प्रकारची आहे तेही आधी पाहा. काही गाड्यांत दाब धरणारं झाकण थेट प्लॅस्टिकच्या टाकीवर असतं आणि ती टाकी पूर्ण दाबाखाली काम करते. काहींत असं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची बाटली नुसती साठवणीची असते. दुसऱ्या प्रकारात बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं घडू शकतं: झाकणाची आतली परतीची झडप अडकली किंवा बाटलीकडे जाणाऱ्या नळीला चीर गेली, की इंजिन गार होताना बाटलीतून कूलंट परत ओढलं जाण्याऐवजी हवा ओढली जाते. अशा गाडीत बाटलीची रेघ बघून भागत नाही, गार इंजिनात रेडिएटरचं झाकण काढून आतही बघावं लागतं.

झाकणाचा विषय निघालाच आहे तर आधी तेच तपासा, कारण ते सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात दुर्लक्षितही. ते कुकरच्या शिट्टीचं काम करतं: ठरलेल्या दाबापर्यंत रोखून धरतं, पुढे सोडतं. त्यावर ०.९, १.१ किंवा १.४ बार (बार हे दाबाचं माप) असा आकडा कोरलेला असतो. हा दाब कशासाठी, तर निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट असलेलं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, तेच साधारण १ बार दाबाखाली १२९ अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाची स्प्रिंग मऊ पडली किंवा रबर कडक झालं की ते लवकर सोडू लागतं आणि कूलंट थोडं थोडं वाफेने निघून जातं. टाकीच्या गळ्याभोवती किंवा तिच्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाशी वाळलेला रंगीत डाग दिसला तर संशय पक्का. झाकण टेस्टरवर वेगळं तपासता येतं. बदललं तर त्याच आकड्याचंच घ्या. जास्त बारचं झाकण लावून गळती थांबत नाही, उलट जुन्या प्लॅस्टिकवर ताण येतो.

गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही, हे माहीत असेलच. वरचा मोठा होज, म्हणजे रेडिएटरला जोडलेली रबरी नळी, हाताने सहज दाबला जाईपर्यंत थांबायचं. आणि विजेवर चालणारा पंखा गाडी बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा हात आणि बाह्या त्याच्यापासून लांब ठेवा.

आता टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बोनेटखाली बघा. ओलं शोधू नका, वाळलेलं शोधा. सांध्याच्या कडेला खडूसारखी पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पूड, किंवा धातूवरून खाली उतरलेला रंगाचा ओघळ. ओघळ नेहमी वरपर्यंत नेऊन बघायचा. जिथे डाग मोठा दिसतो ती बहुधा जमा व्हायची जागा असते, उगम त्याच्या वर किंवा वाऱ्याच्या दिशेने पुढे असतो. नऊ वर्षांच्या गाडीत नजर कुठे कुठे फिरवायची तर: होजांची टोकं आणि क्लिपा, थर्मोस्टॅटचं (कूलंटची वाट तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेचं) घर, जे हल्ली बऱ्याचदा प्लॅस्टिकचं असतं आणि उष्णतेने ठिसूळ होऊन केसासारखं तडकतं, टाकीचा जोड, जिथे तिचे दोन अर्धे भाग चिकटवलेले असतात, आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजू, जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीवर प्लॅस्टिकची टोपी दुमडून बसवलेली असते. रेडिएटरची पुढची बाजू एसीच्या कंडेन्सरमागे लपते, तिथे वरून टॉर्च टाकून तिरप्या नजरेने बघावं लागतं. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बॉडीला, म्हणजे आत येणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाला, कूलंट नेणाऱ्या दोन बारीक नळ्या असू शकतात, त्या सगळेच विसरतात.

वॉटर पंप मात्र निवांतपणे बघण्यासारखा भाग आहे. त्याच्या अंगावर एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये घुसण्याआधी त्या भोकातून बाहेर यावं, एवढाच त्याचा उद्देश. भोकाच्या तोंडाशी नुसता पुसट डाग असेल तर काळजी नको. पण तिथून खाली स्पष्ट ओघळ गेला असेल तर पंप संपत आलाय. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो आणि कव्हरमागे दडलेला असतो. अशा वेळी कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात ओल किंवा रंगीत पूड दिसते. ही गळती लांबवू नये, कारण कूलंटने भिजलेला बेल्ट कमकुवत होतो, आणि तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर इंजिन बंद करून, बेल्ट सैल करून पुली हाताने हलवून बघा. डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलंय.

इंजिनाच्या मागे, केबिनच्या भिंतीकडे जाणारे हीटरचे दोन होज आणि ब्लॉकमध्ये ठोकलेल्या धातूच्या गोल टोप्या, ज्यांना वेल्च प्लग म्हणतात, यांच्याकडे कुणी फिरकत नाही. वर्षानुवर्षं साधं पाणी घातलेल्या इंजिनात हे प्लग आतून गंजतात. गिअरबॉक्सच्या बाजूचा प्लग पाझरला की कूलंट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून खाली येतं आणि ऑइल सील गेलं असा गैरसमज होतो. बोट लावून बघा, कूलंट निसरडं पण पातळ असतं, ऑइलसारखं काळं-चिकट नसतं. बोट लावा, जीभ नको. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोडसर असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं लगेच धुऊन टाका.

तुमच्या पत्रातला सगळ्यात उपयोगी धागा सकाळच्या वासाचा आहे. पुढच्या वेळी तो आला की एकच ठरवा: वास येतो कुठून? बोनेट उघडल्यावर जास्त येत असेल तर गळती बाहेर आहे. गार इंजिनात होज आकसतो, क्लिपची पकड ढिली होते, रात्रीत दोन-चार थेंब झिरपतात आणि इंजिन तापू लागलं की ते उडून वास सुटतो. तापल्यावर सांधा पुन्हा घट्ट, म्हणून नंतर वास जातो. तुमच्या वर्णनाशी हे सगळ्यात जास्त जुळतं. डॅशबोर्डच्या झरोक्यांतून येत असेल, विशेषतः हीटर लावल्यावर, तर हीटर कोर बघायचा. आणि सायलेन्सरच्या तोंडाशी, दाट पांढऱ्या वाफेसोबत येत असेल, तर मग हेड गॅस्केटचं बोलू. गार हवेत सकाळी पांढरी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात. ती मिनिटा-दोन मिनिटांत विरते आणि तिला वास नसतो. इंजिन गरम झाल्यावरही टिकणारी, गोड वासाची वाफ वेगळी.

हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटातला छोटा रेडिएटरच. तो जास्त गळला तर शेजारच्या सीटपुढचा गालिचा चिकट ओला होतो आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं येतं, जे पुसलं तरी फरपटतं. थोडा गळला तर गालिचा कोरडाच राहतो, कारण कूलंट एसीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीतून निघून जातं आणि एसीचंच पाणी समजून कुणी लक्ष देत नाही. त्या नळीखाली पांढरा टिश्यू धरा. रंग उमटला किंवा बोटांना निसरडं लागलं तर कोर गळतोय. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला रंग नसतो, चिकटपणा नसतो.

इतकं करूनही जागा सापडली नाही तर गाडी गॅरेजला न्या, पण "हेड बघा" म्हणून नाही. कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करा, असं स्पष्ट सांगा आणि शक्य तर स्वतः उभे राहा, कारण ही चाचणी जितकी सोपी तितकीच घाईत उरकली जाते. गाडी रात्रभर तिथेच ठेवून सकाळी इंजिन सुरू न करता चाचणी झाली तर उत्तम. खालचा ट्रे आधी काढायला लावा. टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंपाचा टेस्टर बसतो. झाकणावर जेवढे बार लिहिलेत तेवढाच दाब भरायचा, त्याच्या वर नाही. होज थोडे फुगतात म्हणून काटा पहिल्या मिनिटात किंचित उतरेल. पुन्हा भरून तो स्थिर करायचा. तिथून पुढे किमान वीस मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. मिनिटाला दोन थेंबांची गळती पाच मिनिटांत काट्यावर फारशी उमटत नाही, आणि "टेस्ट केली, ओके आहे" हा निरोप बहुतेकदा पाच मिनिटांच्या चाचणीवरच दिलेला असतो. गळती बारीक असेल तर दोन तास तसंच ठेवून द्यायला सांगा.

इंजिन अर्धवट गरम असताना ही चाचणी करून उपयोग नाही. ते गार होत जाईल तसा दाब आपोआप उतरतो आणि नसलेली गळती सापडते. टेस्टरचा स्वतःचा सांधाही गळू शकतो, तेव्हा काटा उतरताना दिसला की आधी टेस्टरच्या गळ्याशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं.

गार चाचणीत काहीच सापडलं नाही तर गरम चाचणी. त्यासाठी गरम झाकण उघडायची गरज नाही. टेस्टर गार असतानाच बसवायचा, दाब शून्य ठेवायचा आणि इंजिन सुरू करायचं. तापमान वाढेल तसा दाब सावकाश, दहा-पंधरा मिनिटांत चढतो. तो झाकणाच्या आकड्याजवळ आला की टेस्टरच्या झडपेतून थोडा सोडायचा. गरम झाल्यावरच उघडणारी प्लॅस्टिकची चीर याच वेळी सापडते. आणि याच चाचणीत हेड गॅस्केटचा पहिला खरा पुरावाही मिळतो: इंजिन अजून गार असताना, पहिल्या मिनिटा-दीड मिनिटातच काटा झपाट्याने वर गेला किंवा इंजिनाच्या ठोक्यांसोबत थरथरू लागला, तर दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधून येतोय. इंजिन लगेच बंद करून दाब सोडायचा.

टेस्टरशिवाय हाच प्रकार घरी ढोबळमानाने बघता येतो. रात्रभर गार झालेल्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना फुस्स आवाज येतो का? गॅस्केटमधून घुसलेला वायू गार होऊनही आकसून नाहीसा होत नाही, म्हणून दाब सकाळपर्यंत टिकतो. तसंच गार इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, किंवा टाकीत एका लयीत बुडबुडे येत राहिले, तर संशय वाढतो. मात्र नुकतंच कूलंट बदललं असेल तर अडकलेल्या हवेचेही बुडबुडे येतात. ते काही वेळाने थांबतात, जळक्या वायूचे थांबत नाहीत.

आता त्या सायीचं. ऑइलच्या झाकणाखालची पांढरट साय हा हेड गॅस्केटचा पुरावा नाही. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरते आणि इंजिनाच्या सगळ्यात गार भागावर, म्हणजे त्या झाकणावर, ऑइलमध्ये मिसळून फेस धरते. रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या निरोगी गाडीतही ती येते. झाकण पुसून घ्या, मोकळ्या रस्त्यावर एका दमात पन्नासेक किलोमीटर चालवा आणि पुन्हा बघा. पुन्हा आली नाही तर प्रश्न मिटला. खरी बघायची जागा डिपस्टिक आहे. तिच्यावर ऑइल कॉफीच्या रंगाचं झालंय, किंवा न भरताच पातळी वर सरकलीय, तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगना वाचवत नाही. शंका अर्धवट असेल तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देता येतो. त्यात सोडियम, पोटॅशियम वाढलेलं आणि ग्लायकॉल सापडलं तर कूलंट आत जातंय.

हेड गॅस्केटची नेमकी चाचणी निळ्या द्रवाची. काचेच्या नळीत तो द्रव घेऊन टाकीच्या तोंडावर धरतात, गरम इंजिन चालू ठेवतात आणि टाकीतली हवा त्यातून ओढतात. हवेत जळका वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. डिझेलला हिरवटावर थांबू शकतो. दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. टाकीतली पातळी आधी थोडी उतरवलेली हवी, कारण कूलंट द्रवात ओढलं गेलं तर चाचणी बाद. आणि द्रव जुना नाही ना हे आधी त्यात फुंकर मारून तपासायचं. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनेही रंग बदलायला हवा, नाहीतर द्रव मेलेला आहे. बारीक गळती इंजिन नुसतं घुरघुरत असताना दिसत नाही, सिलिंडरमधला दाब चढल्यावरच दिसते. म्हणून एकदा नकारार्थी आली तर गाडी चढावर किंवा भार देऊन चालवून आणून लगेच पुन्हा करायला सांगा.

द्रव पिवळा झाला, तरच सिलिंडर शोधायचा. सगळे स्पार्क प्लग काढून ओळीने मांडा; ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जातं त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा बाकीच्यांपेक्षा स्वच्छ निघतो. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा टाकला तर त्या पिस्टनच्या डोक्यावरची काजळीही धुतलेली दिसते. सगळ्यात पक्की पद्धत म्हणजे प्लग काढलेल्या अवस्थेत कूलिंग सिस्टिमला दाब देऊन काही तास ठेवायचं आणि मग कॅमेऱ्याने पाहायचं. यानंतर इंजिन आधी हातानेच फिरवायचं, प्लग बसवण्यापूर्वी. सिलिंडरमध्ये साचलेलं कूलंट दाबलं जात नाही. तसंच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गॅस्केटच्या कामाचं अख्ख्या इंजिनाचं काम होतं. सकाळी सुरू करताना पहिले काही सेकंद एक सिलिंडर अडखळतो, मग सुरळीत होतो, असं तुमच्या गाडीत होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर प्लगची तपासणी आधीच करून घ्या.

डिझेलवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा जळका वायू कूलंटने गार करणारा भाग, फुटला तरी कूलंट सिलिंडरमार्गे जळतं, पांढरा धूर येतो आणि जळका वायू कूलंटमध्ये येऊन निळा द्रवही रंग बदलतो. सगळं चित्र हेड गॅस्केटचं आणि दोष कूलरचा. हेड खोलण्याआधी तो कूलर सुटा काढून दाब देऊन बघायला लावा. तसंच टाकीत वर ऑइलचा तवंग आला तर ऑइल कूलरही तपासा: चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून आधी ऑइल कूलंटमध्ये शिरतं, आणि इंजिन बंद झाल्यावर उरलेल्या दाबाने उलटा प्रवास होतो.

दाबाच्या दोन्ही चाचण्या आणि निळा द्रव, तिन्हींत काही आढळलं नाही आणि कूलंट तरीही कमी होतच असेल, तर फ्लुओरेसंट डाय टाका. मात्रा बाटलीवर असते, एका गाडीला बहुधा ३० मिलीच्या आसपास लागते. कूलंटसाठीचीच डाय घ्या, ऑइलची नव्हे. टाकताना बाहेर सांडलेला थेंब तिथेच पुसून टाका, नाहीतर तोच नंतर चमकेल. काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च व पिवळा चष्मा लावून बघा. काही कूलंट मुळातच थोडं चमकतं, तेव्हा डाय टाकण्याआधीही एकदा टॉर्च फिरवून घ्या. एसीच्या पाण्याच्या नळीवर आणि वॉटर पंपाच्या भोकावर टॉर्च मारायला विसरू नका.

गळती बुजवणाऱ्या लिक्विडला "नको" म्हणण्याचं कारण साधं आहे. ते गळकी जागा ओळखत नाही, जिथे वाट अरुंद तिथे बसतं. हीटर कोर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या आधी भरतात. शिवाय क्लिप ढिली असेल किंवा झाकण गेलं असेल, तर त्याने काहीच साधत नाही, आणि पुढची प्रत्येक चाचणी मात्र गढूळ होते.

साध्या पाण्याने अजून मोठं नुकसान झालेलं नाही. तुमच्यासारख्या गाडीत एकूण पाच ते सहा लिटर कूलंट असतं. त्यात ६०० मिली पाणी गेलं म्हणजे निम्म्याचं प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास आलं. पण नळाच्या पाण्यातले क्षार आत साचतात आणि गंजरोधक पातळ होत जातं, तेव्हा इथून पुढे भर घालायची ती गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारच्या तयार कूलंटचीच. रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा, असं समजू नका. डिक्कीत एक लिटर ठेवा, दर सकाळी रेघ बघा आणि निदान होईपर्यंत लांबचा प्रवास टाळा.

दुरुस्ती झाली की सिस्टिममधली हवा नीट काढून घ्यायला सांगा: हीटर पूर्ण गरमवर, हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो उघडा, थर्मोस्टॅट उघडून पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू. त्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी उतरेल, ती अडकलेल्या हवेची जागा भरल्यामुळे. रेघेपर्यंत भरा आणि नवी चिकटपट्टी लावा. त्यापुढच्या हजार किलोमीटरला ती हलली नाही तर काम झालं. हलली, तर बिलावर काय बदललं ते आणि तुमच्या मिलीच्या नोंदी घेऊन त्याच गॅरेजला परत जा आणि प्रेशर टेस्ट पुन्हा पहिल्यापासून करून घ्या, कारण एवढ्या वयाच्या गाडीत एका जागेची गळती बंद झाली की पूर्ण दाब पुन्हा तयार होतो आणि दुसरा कमकुवत सांधा उघडा पडतो.